कळा सुरू झाल्या की आत कोण?

पत्र: ताई, मला २९ वा आठवडा चालू आहे. पहिलंच बाळंतपण. आम्ही पुण्यात वाकडला राहतो. आई दोन वर्षांपूर्वी गेली, त्यामुळे माहेरी जायचा प्रश्नच नाही. सासूबाई कराडहून येणार आहेत. त्या चांगल्या आहेत, पण मी त्यांच्यासमोर अजून मोकळी होत नाही. नवरा 'मी आहे ना' म्हणतो, पण त्याला रक्त बघितलं की चक्कर येते. आमच्या सोसायटीतल्या एकीने डूला, म्हणजे कळांच्या वेळी सोबत थांबणारी पगारी बाई, घेतली होती. तिच्यामुळेच नॉर्मल झालं, असं ती सगळ्यांना सांगते. घरात विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, "मी असताना भाड्याची आई कशाला?" डॉक्टर मॅडमना विचारलं तर त्या "बघू" म्हणाल्या. हे नुसतं फॅड आहे का? घ्यायची तर शोधायची कुठे, काय बघायचं, पैसे किती? मिरजेच्या मावशीने दोनदा फोन करून "मी येऊ का" विचारलं, पण तिला कशाला त्रास. कळवा.

उत्तर: तू डूला शोधायच्या आधी डॉक्टरांच्या त्या 'बघू'चा निकाल लावून घे. बहुतेक जणी उलट क्रमाने जातात. आधी इन्स्टाग्रामवर एखादी आवडते, भेट होते, ॲडव्हान्स जातो, आणि छत्तिसाव्या आठवड्यात कळतं की हॉस्पिटलमध्ये आत एकाच माणसाला सोडतात. मग नवरा की डूला, यावरून घरात महाभारत.

मी सोळा वर्षं लेबर रूममध्ये स्टाफ नर्स होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलंय. एका रात्री एक डूला पेशंटबरोबर आली. मॅडमनी तिला ओपीडीत तोंडी "हो" म्हटलं होतं. रात्रीच्या ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, "फाइलवर काही लिहिलेलं नाही, मॅडम आता ऑपरेशनमध्ये आहेत." ती बाई रात्रभर कॉरिडॉरमधल्या वॉटर कूलरशेजारी बाकावर बसून राहिली. मांडीवर गरम पाण्याची पिशवी. ती गार झाली की वॉर्डातल्या आयाबाईंकडून पुन्हा भरून घ्यायची, तिचा उपयोग कोणालाच होत नसताना. आत तिची पेशंट एकटी, आणि आम्ही दोघी सिस्टर चार टेबलांमध्ये धावत होतो.

म्हणून पुढच्या व्हिजिटला सरळ विचार: कळा देताना माझ्याबरोबर किती जण थांबू शकतात? नवरा आणि आणखी एक बाई, दोघं चालतील का? दोघं नाही तर आलटून पालटून? सीझर करावं लागलं तर थिएटरमध्ये कोणी येऊ शकेल का? उत्तर 'हो' असलं तर तिथल्या तिथे म्हण, "मॅडम, फाइलवर एक ओळ लिहाल का?" वाईट वाटून घेणाऱ्या डॉक्टर फार कमी असतात. रात्री दोनला तीच ओळ कामाला येते. उत्तर 'नाही' असलं तर निदान आज कळेल. २९ वा आठवडा आहे, हॉस्पिटल बदलायचं असेल तर अजून वेळ आहे. ३६ व्यात नसतो.

सरकारी दवाखान्यांसाठी केंद्र सरकारने २०१६ मध्येच सूचना काढल्या की प्रसूतीच्या वेळी बाईबरोबर तिचं एक माणूस असू द्यावं. त्यात घातलेल्या अटी साध्या आहेत: स्वच्छ कपडे, संसर्गाचा आजार नको, शेवटपर्यंत थांबायची तयारी, उपचारात ढवळाढवळ नाही. आणि शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली नातेवाईक बाई. या हिशोबाने तुझ्या सासूबाई पहिल्या नंबरात पास आहेत बरं का! २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही बाईच्या पसंतीचं माणूस कळांच्या काळात सोबत असावं, अशी शिफारस केली. खासगी हॉस्पिटलं मात्र आपापले नियम करतात, आणि तेही मॅडमगणिक बदलतात.

आता फॅडचं. डूला म्हणजे सुईण नव्हे, हा घोळ बऱ्याच घरांत होतो. सुईण बाळंतपण करायची, नाळ कापायची. डूला यातलं काहीच करत नाही. ती आतून तपासत नाही, बाळाचे ठोके मोजत नाही, औषध देत नाही, निर्णय घेत नाही. ती फक्त थांबते. पाठ दाबते, कूस बदलायला लावते, पाणी पाजते, कळ ओसरली की खांदे सैल सोडायची आठवण करते, डॉक्टर काय म्हणाल्या ते पुन्हा सोपं करून सांगते. शब्द ग्रीक आहे, अर्थ सेविका. दाना राफाएल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ मध्ये तो वापरात आणला. काम मात्र आपल्याकडे नवीन नाही. घरी बाळंतपणं व्हायची तेव्हा सुईणीखेरीज एखादी काकू, एखादी शेजारीण बाळंतिणीच्या पाठीशी बसलेलीच असायची. दवाखाने आले, बाळ-बाळंतिणी वाचायला लागल्या, ते फार चांगलं झालं. पण त्याच दरवाजावर 'नातेवाईकांनी बाहेर थांबावे' अशी पाटी लागली, आणि पाठीशी बसणारी बाहेर राहिली ती राहिलीच.

तिचा उपयोग होतो का? होतो, आणि हे नुसतं माझं म्हणणं नाही. २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने १७ देशांतल्या २६ चाचण्या एकत्र मांडल्या, पंधरा हजारांहून जास्त बायकांच्या. ज्यांच्याजवळ कळांच्या काळात सलग कोणीतरी होतं त्यांच्यात सीझर साधारण पाव हिश्शाने कमी, कळांचा वेळ सरासरी चाळीसेक मिनिटांनी कमी, वेदना कमी करायची औषधंही कमी लागली, आणि नंतर बाळंतपणाबद्दल कडवट बोलणाऱ्या कमी. यातला 'सलग' हा शब्द वाच. सिस्टर प्रेमळ असली तरी ती सलग नसते, तिला शेजारचं टेबल असतं. आणि या चाचण्यांमधलं 'कोणीतरी' दर वेळी पगारी डूलाच होतं असंही नाही. कुठे नर्स होती, कुठे बाईने स्वतः निवडलेलं घरचं माणूस. हा मुद्दा लक्षात ठेव, मी त्यावर परत येणार आहे.

पण तुझ्या सोसायटीतल्या मैत्रिणीचं "तिच्यामुळेच नॉर्मल झालं" हे मी मान्य करणार नाही. पाव हिस्सा कमी म्हणजे शून्य नव्हे. बाळ आडवं असेल, वार खाली असेल, बीपी चढलं असेल, बाळाचे ठोके कमी होत असतील, तर जगातली कुठलीही डूला काही करू शकत नाही, आणि तिने करायलाही जाऊ नये. आपल्या देशात खासगी हॉस्पिटलांमध्ये १०० पैकी ४७ बाळंतपणं सीझरने होतात, सरकारीत १४. हे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे आहेत. हा फरक का आहे, ते डॉक्टरांनाच विचारायला हवं. "तुमच्याकडे पहिलटकरणींमध्ये सीझर किती होतात?" हा प्रश्न ओपीडीत विचारायला बंदी नाही. तो प्रश्न टाळून डूला घ्यायची आणि तिने आपल्याला सीझरपासून वाचवावं अशी अपेक्षा करायची, यात तिच्यावरही अन्याय आहे. तू डूला घेतलीस तर सोबतीसाठी घे. नॉर्मल झालं तर आनंद, सीझर झालं तर सोबत तर होतीच, असा हिशोब मनाशी पक्का असेल तरच पैसे घाल.

शोधायची कुठे म्हणशील तर पुण्या-मुंबईत फारशी अडचण नाही. गर्भवतींचे वर्ग घेणाऱ्या बाया, स्तनपान सल्लागार, गरोदरपणातले व्यायाम घेणाऱ्या फिजिओथेरपिस्ट या तिघींना सगळ्या डूला ठाऊक असतात, कारण त्यांतल्या काही स्वतःच डूला असतात. डोना, काप्पा अशा बाहेरच्या संस्था प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देतात, त्यांच्या यादीत आपल्याकडच्याही सापडतात. पण आपल्या सरकारची यासाठी कुठलीही नोंदणी नाही. उद्या मीही 'डूला' अशी पाटी लावू शकते. त्यामुळे प्रमाणपत्र बघ, पण त्याच्यावर भाळू नकोस. तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती बाळंतपणांना सोबत केली ते विचार. त्यांतल्या दोघी-तिघींशी बोलायला मिळेल का विचार, आणि त्यांत एक तरी सीझर झालेली असू दे. नॉर्मल झालेली बाई सगळ्यांनाच छान म्हणते.

दोघी-तिघींना भेट, नवऱ्याला घेऊन. पहिली भेट बऱ्याच जणी फुकट देतात. ती किती बोलते यापेक्षा तुला किती बोलू देते ते बघ. मग सहज विचार, "मला नाही सहन झालं आणि मी एपिड्युरल, ते पाठीतून देतात ते वेदना कमी करायचं इंजेक्शन, मागितलं तर?" ज्या बाईचा चेहरा इथे पडतो तिला चहा पाजून निरोप दे. हीच परीक्षा सीझरच्या प्रश्नाला लाव. 'माझ्याकडे शंभर टक्के नॉर्मल' म्हणणारी, डॉक्टरांबद्दल वाईट बोलणारी, एरंडेल किंवा कसले काढे देऊन कळा आणू पाहणारी, 'मी आतून तपासते' म्हणणारी, 'दवाखान्यात उशिरा जाऊ, त्यांना सांगू नकोस' म्हणणारी, यांतल्या कोणालाही दारात उभं करू नकोस. घरीच बाळंतपण करू या, असं गोड बोलून सुचवणाऱ्याही भेटतील. मी लेबर रूममध्ये दहा मिनिटांत होत्याचं नव्हतं होताना पाहिलंय, त्यामुळे याबाबतीत माझ्याकडून मोकळ्या मनाची अपेक्षा करू नकोस.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही: भाषा. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच डूला वर्ग इंग्रजीत घेतात, तुलाही ऑफिसात ते रोजचंच असेल. पण कळ शिगेला पोचली की बायकांच्या तोंडातून 'आई गं' येतं. मी हैदराबादची, बिहारची, केरळची बाई पाहिली, प्रत्येकीच्या तोंडी आपापली आई. त्या क्षणी 'ब्रीद, ब्रीद' कानावरून जातं. "सोड श्वास... हळू... अजून... झाली बघ, ही गेली" हे आत पोचतं. तू कुठल्या भाषेत रडतेस, त्या भाषेत बोलणारी बघ.

पैशांचं सांगायचं तर शहरात आकडा पाच अंकी असतो, आणि माणसागणिक बराच फरक पडतो. मेडिक्लेममध्ये हा खर्च धरू नकोस. नुकतंच प्रशिक्षण घेतलेल्यांना प्रमाणपत्रासाठी बाळंतपणांचा अनुभव लागतो, त्या कमी पैशांत किंवा कधी फुकटही येतात. त्यांना कमी लेखू नकोस, नवशिकी मन लावून थांबते. कोणीही असो, व्यवहार कागदावर आण. आधी घरी किती भेटी, फोनवर कुठल्या आठवड्यापासून रात्री-बेरात्री उपलब्ध, कळा सुरू झाल्यावर घरी येणार की थेट हॉस्पिटलला, बाळंतपण लांबलं तर किती तासांनंतर जास्तीचे पैसे, नंतर किती भेटी. त्याच पंधरवड्यात तिच्याकडे आणखी कितीजणींच्या तारखा आहेत आणि ती दुसरीकडे अडकली तर कोण येणार, हे आधी ठरव. त्या दुसरीला एकदा भेटूनही ठेव. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: आधीच ठरवून सीझर झालं, किंवा हॉस्पिटलने तिला आत सोडलंच नाही, तर किती पैसे परत? त्या वॉटर कूलरशेजारच्या रात्रीचेही पूर्ण पैसे दिले गेले होते.

एक कडक नियम. पाणी गेलं, अंगावरून लाल रक्त जायला लागलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पहिला फोन हॉस्पिटलला. डूलाला नंतर.

आता घरचं.

'भाड्याची आई' हा शब्द तुला कुठे लागला असेल ते मला कळतं. पण सासूबाईंच्या बाजूनेही बघ. कराडहून घर सोडून त्या येणार, डिंकाचे लाडू डब्यात भरून आणणार, आणि सूनबाई म्हणते मी बाहेरची बाई ठरवतेय. त्यांना वाटलं असणार की आपल्याला नापास केलं. हे त्यांना समजावायचं काम तुझं नाही, त्यांच्या मुलाचं आहे. त्याने आईला सांगायचं की बाळ-बाळंतीण घरी आल्यावर सव्वा महिना सगळं तुझ्यावर आहे, लेबर रूममधले बारा-चौदा तास तेवढे वेगळ्या माणसावर सोपवू. आणि डूला ठरली तर तिची एक भेट सासूबाईंसमोर घे. चांगली डूला त्या एका तासात त्यांना जिंकते. जी त्यांच्याकडे दुर्लक्ष करून फक्त तुझ्याशी बोलेल, ती लेबर रूममधल्या सिस्टरशीही तशीच वागेल, म्हणजे तुझी पंचाईत.

नवऱ्याची चक्कर ही अडचणच नाही. त्याने डोक्याकडे उभं राहायचं, तिथून काही दिसत नाही. त्याला एकच काम शिकव. तू पलंगाच्या कडेला हात टेकून वाकून उभी राहायचं. त्याने मागे उभं राहून, माकडहाडाच्या जरा वर जे सपाट हाड लागतं तिथे तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवायचा. कळ सुरू झाली की दाबायचं. चोळायचं नाही, गोल फिरवायचं नाही, नुसतं दाबून धरायचं, तू 'बस' म्हणेपर्यंत. साठ-सत्तर सेकंद. हाताच्या जोराने दाबलं तर तो चौथ्या कळेला दमेल, म्हणून कोपर सरळ ठेवून अंगाचा भार टाकायचा. बाळाची पाठ तुझ्या पाठीकडे असेल तर कळा कमरेतच येतात, तेव्हा या दाबाइतकं बरं दुसऱ्या कशाने वाटत नाही. रोज भाकरी थापणाऱ्या हातांना हे पहिल्या खेपेला जमतं. मी कित्येक सासवांना लेबर रूमच्या दारात उभं राहून शिकवलंय.

हॉस्पिटलने दोघांना परवानगी दिली तर नवरा आणि एक बाई, विषय संपला. एकालाच दिली तर मात्र तुला निवडावं लागेल, आणि तिथे कोणाचा मान, कोणाचे पैसे, हे मध्ये आणू नकोस. कोणासमोर गाऊन सुटला तरी चालेल, कोणाच्या अंगावर उलटी झाली तरी सॉरी म्हणावंसं वाटणार नाही, कोणाला "गप्प बस" म्हणता येईल, ते माणूस. सासूबाईंसमोर मोकळी होत नाहीस असं तूच लिहिलंस. नवऱ्याबद्दल तसं लिहिलेलं नाही.

आणि मावशीबद्दलही नाही. पत्रातली तुझी शेवटची ओळ मी चार वेळा वाचली. दोनदा फोन करून "येऊ का" विचारणारी आईची बहीण आणि तू म्हणतेस कशाला त्रास. अगं, ती त्रास आहे म्हणून नाही विचारत. तिची बहीण गेली आहे. ते कॉक्रेनवालं 'कोणीतरी' मी मघाशी म्हटलं, ते ही मावशी का नसावी? तिला स्वतःची मुलं असतील तर सरकारी अटीतही बसते. तिची तब्येत धड असेल, रात्र जागायची तयारी असेल, आणि आत गेल्यावर रडण्यापेक्षा पाठ दाबणाऱ्यातली असेल, तर मी तुझ्या जागी असते तर पूर्ण पॅकेज न घेता एखाद्या चांगल्या डूलाला किंवा वर्ग घेणाऱ्या बाईंना दोन बैठकांचे पैसे दिले असते. एका बैठकीला नवरा आणि मावशी, दुसरीला तू आणि सासूबाईसुद्धा. बऱ्याच जणी असं शिकवायला खुशीने येतात.

मावशीला नाही जमलं, किंवा बोलल्यावर तुला वाटलं की ती तुझ्याहून जास्त घाबरलेली आहे, तर मग डूला घे, बिनदिक्कत घे, आणि तेव्हा मनात अपराधी वाटू देऊ नकोस. तसं असेल तर येत्या दोन-तीन आठवड्यांत ठरव. चांगल्या डूला महिन्याला मोजकीच बाळंतपणं घेतात.

आज संध्याकाळी मिरजेला फोन लाव. "त्रास होणार नसेल तर" असं काही म्हणू नकोस, नुसतं "मावशी, ये" म्हण. ३७ वा आठवडा लागला की बॅग भरून ठेवायला सांग, आणि मिरजेहून रात्री निघावं लागलं तर गाडी कोण चालवणार, ते आत्ताच विचारून ठेव.